हे पाणी वर नेता का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या तांत्रिक विद्यालयाच्या संस्थेचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले प्राचार्य महोदय, आमच्या गुरुवारच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे सिस्टर म्हणतो त्या, आजचे सत्कारमूर्ती, फाटकावरून निवृत्त होणारे आपले सर्वांचे काका, सभागृहातील शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, आणि मागच्या दोन रांगांत जे का बसले आहेत हे कृपया कोणी विचारू नये असे माझे मित्रहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषण कागदावरून वाचणार आहे, याबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागतो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. न बघता बोललो तर मी घाबरून भलतेच बोलतो, आणि आज भलते बोलून चालणार नाही. मला पाच मिनिटे दिलेली आहेत. घरी घड्याळ लावून वाचले तेव्हा चौदा मिनिटे लागली. तीन ठिकाणी कापले, तर सोळा लागली. तेव्हा आहे तसे वाचतो.

गेल्या वर्षी सोळा नोव्हेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी मी या इमारतीच्या फाटकाजवळच्या केबिनमध्ये काकांच्या खुर्चीवर बसून एका वहीत लाल शाईने रेघा आखत होतो. त्या वेळी जे घडले ते या सभागृहात फक्त दोन, फार तर तीन माणसांना ठाऊक आहे. ते सांगितल्याशिवाय काकांचा गौरव पुरा होणार नाही, आणि अध्यक्ष महोदयांकडे मला जे मागायचे आहे तेही मागता येणार नाही. पण त्याआधी काका कोण आहेत ते सांगावे लागेल. आपण त्यांना रोज पाहता. मी ज्या काकांबद्दल बोलतो आहे ते फक्त गुरुवारी असतात.

या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ड्रॉइंगच्या खोलीत, दर गुरुवारी सात वाजता दारू सोडू पाहणाऱ्या माणसांचा एक गट बसतो. बारा वर्षे बसतो आहे. खाली पाटी नाही, फलकावर सूचना नाही. गटाची रीतच तशी आहे. कोणाचे आडनाव विचारायचे नाही, वर ऐकलेले खाली आणायचे नाही. म्हणून मी इथे दुसऱ्या कोणाबद्दल बोलणार नाही. स्वतःबद्दल बोलायला मला बंदी नाही. मी त्या गटात आहे. आज तीन वर्षे, दोन महिने आणि नऊ दिवस झाले.

मी पार्सलांच्या गोदामात पत्ते लिहितो. माझे अक्षर चांगले आहे आणि शुद्धलेखनाची मला काळजी असते. एका दुपारी मी पार्सलांच्या ढिगावर झोपलेला सापडलो. बाटली माझ्या हातात नव्हती, मालकांच्या हातात होती. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे म्हणून ठेवलंय तुला. अक्षर हललं की घरी." पुढच्या महिन्यात अक्षर हलू लागले. सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय माझ्या हाताने सरळ रेघ निघेना. तेव्हा मी एका नंबरवर फोन केला. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुवारी सात. तांत्रिक शाळा, मागचा जिना, तिसरा मजला." मी ते कागदावर लिहिले, आणि तो कागद पाच आठवडे खिशात ठेवून फिरलो.

सहाव्या गुरुवारी आलो. फाटकासमोरून एकदा गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. पाटी नाही म्हणजे आपण चुकलो, असे स्वतःला पटवत होतो. समोर चष्म्याचे दुकान आहे. तिथे काचेत लावलेल्या फ्रेमा बघत उभा राहिलो. दुकानदार बाहेर आले, "नंबर काढायचा का?" नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम निघाले. नंतर कळले की आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी त्या दुकानात डोळे तपासून घेतलेले आहेत. त्या सज्जन दुकानदारांना बारा वर्षे प्रश्न पडला होता की गुरुवारीच एवढ्या लोकांना धूसर का दिसते.

दुकानातून बाहेर पडलो तर काका रस्त्याच्या अलीकडे, माझ्या पुढ्यात उभे. हातात स्टीलचा जग, काठापर्यंत पाण्याने भरलेला.

म्हणाले, "अहो, हे पाणी वर नेता का? तिसरा मजला, ड्रॉइंगची खोली. माझे गुडघे आता जिन्याचं नाव काढू देत नाहीत."

मी जग घेतला. म्हाताऱ्या माणसाला नाही कसे म्हणणार? दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी बघत मी वर गेलो. दार उघडे होते. सिस्टर म्हणाल्या, "ठेवा तिथे. बसा." कोणी काही विचारले नाही. मी पाणी द्यायला आलेला माणूस होतो. पाणी देऊन झाल्यावर मी बसलेला माणूस झालो. एवढेच झाले.

पुढे सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आले की त्या खोलीच्या कोपऱ्यात नळ आहे.

मी खाली येऊन म्हटले, "काका, वर नळ आहे."

"माहीत आहे. मीच मागे लागून बसवून घेतला."

"आणि परवा तुम्ही पाण्याच्या टाकीवर चढला होतात. म्हणजे गुडघेही ठीक आहेत."

"गुडघ्यांना काय झालंय?"

"मग जग कशाला?"

काका म्हणाले, "रिकाम्या हाताने माणूस तो जिना चढत नाही. दुसऱ्या मजल्यावर वळतो. मी किती बघितलेत. भरलेला जग हातात असला की वळता येत नाही, सांडतं."

मागच्या दोन रांगांतले माझे मित्र आत्ता एकमेकांकडे बघत असतील. त्यांच्यातल्या प्रत्येकाला वाटत होते की आपल्याला जग मिळाला तो योगायोगाने. नाही. तुम्ही सगळे पाणी वाहून वर गेलेले आहात.

गेल्या नोव्हेंबरात काकांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. पंधरा दिवसांची रजा. दिवसा दुसरा शिपाई होता, पण गुरुवारची संध्याकाळ कोण बघणार? मी म्हटले, मी बसतो. मी गटाचा चिटणीस आहे. छोट्या चिठ्ठ्यांवर नंबर आणि वेळ लिहून त्या औषधांच्या दुकानांत, दवाखान्यांत ठेवायचे काम माझ्याकडे होते. चाळीस चिठ्ठ्या मी हाताने लिहिल्या होत्या. काकांनी मला खुर्ची दिली, किल्ल्या दिल्या, जग दाखवला आणि म्हणाले, "वही ड्रॉवरमध्ये आहे. गुरुवारी ती बाहेर काढायची नाही. बाकी तू शहाणा आहेस."

शहाणा होतो, हीच अडचण झाली. केबिनच्या भिंतीवर एक चौकट आहे. 'येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची नोंद करणे बंधनकारक आहे.' खाली सही, शिक्का. मी दोन तास ती चौकट वाचत बसलो. मला नियम मोडण्याची फार भीती वाटते. उद्या कोणी विचारले तर काकांवर बालंट येईल, असा मी विचार केला. मी वही काढली. जुने रकाने वाकडेतिकडे होते, म्हणून नवे पान घेऊन आखायला बसलो. अनुक्रमांक, नाव, पत्ता, कोणाकडे, कामाचे स्वरूप, वेळ. अक्षर सुरेख आले होते. मला अभिमान वाटला हेही खरे सांगतो.

मान खाली घालून शेवटची रेघ आखत होतो, तेव्हा समोरच्या फळीवर दोन हात टेकले. नखांच्या कडांना तांबूस काळपट रंग मुरलेला. ते हात मी ओळखले.

ते माझे दाजी होते. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. लाकडी सामानाला पॉलिश करायचे. हाताखाली दोन माणसे होती, काम चोख. घरी आले की अंगाला स्पिरिटचा वास यायचा, आणि कधी ताईने नाक मुरडले तर म्हणायचे, "पॉलिशवाल्याशी लग्न केलंस, अत्तरवाल्याशी नाही." ताई हसायची. चार वर्षे ती त्या वासाला हसत राहिली. मला मात्र कळायला हवे होते. दोन वासांतला फरक मला जेवढा कळतो तेवढा त्या घरात कोणालाच कळत नव्हता. पण मी त्यांच्याकडे तसे पाहिलेच नव्हते, कारण त्यांनी माझ्याकडे तसे पाहू नये एवढीच माझी धडपड होती. माझे पिणे घरी कोणाला ठाऊक नव्हते, सोडणेही नव्हते. गुरुवारी मी टायपिंगच्या वर्गाला जातो असे मी सांगितले होते. दाजी चारचौघांत म्हणायचे, "या खानदानात एकच सरळ माणूस आहे, आमचे मेव्हणे." लोकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारायचे.

त्या फळीपाशी दाजी हळू आवाजात म्हणाले, "इथं वर... गुरुवारचं काही असतं का?"

जग माझ्या डाव्या हाताला होता. भरलेला होता. मी मान वर केली नाही. आवाज जाड करून म्हटले, "नोंद करा," आणि वही पुढे सरकवली.

सभ्य गृहस्थहो आणि भगिनींनो, चौकटीत लिहिलेला नियम मी पाळला. माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही असेच मी वागलो.

त्यांनी पेन उचलले. नावाच्या रकान्यात टेकवले. मी ते टोक बघत होतो. एक छोटी आडवी रेघ उमटली. मग पेन तिथेच थांबले. फार वेळ थांबले नसावे, पण मला त्या वेळेचा हिशोब लागत नाही. मग त्यांनी पेन वहीच्या कडेला, अगदी समांतर, ठेवले आणि विचारले, "चष्म्याचं दुकान कुठे आहे?"

दुकान त्यांच्या पाठीमागे, दहा पावलांवर होते. पाटीवर दिवे लागलेले होते.

मी म्हटले, "समोर."

"बरं," म्हणाले.

ते रस्ता ओलांडून काचेसमोर उभे राहिले. मी केबिनच्या खिडकीतून बघत होतो. एक हाक मारायची होती. दाजी, एवढी दोन अक्षरे. चार-पाच मिनिटे ते उभे होते आणि चार-पाच मिनिटे मी बसलो होतो. मग ते डावीकडे निघून गेले. डावीकडे, कोपऱ्यावर, काय आहे ते मागच्या दोन रांगांना सांगायला नको. पुढच्यांना कळले नसेल तर फार चांगले.

सत्तावीस नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी, दाजींना रक्ताची उलटी झाली. ताईने त्यांना दवाखान्यात नेले. दुपारी दोनच्या आत सगळे आटोपले. डॉक्टर ताईला म्हणाले, "एवढी वर्षं पीत होते, तुम्हाला कळलं नाही?" ताईने त्यांनाही सांगितले, ते पॉलिश करायचे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ताईने मला बोलावले. दाजींच्या कामाच्या शर्टाच्या खिशात तिला एक चिठ्ठी सापडली होती. ती तिने माझ्यापुढे ठेवली. माझ्या चाळीस चिठ्ठ्यांपैकी एक.

"हे अक्षर तुझं आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तू टायपिंगला जात नाहीस."

"नाही."

तिने ते तसेच राहू दिले. मग म्हणाली, "ते तिथं आले होते का रे?"

मी म्हटले, "नाही."

काका रजेवरून परतले तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती. म्हणाले, "कोणी आलं होतं?" त्यांनाही मी नाही म्हटले. काकांनी वही उघडली, एका डोळ्याने ते सुंदर आखलेले पान पाहिले, अनुक्रमांक एक आणि पुढे ती रेघ पाहिली, आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली. जानेवारीत मीच त्यांना सगळे सांगितले. मला वाटले होते, ते मला खुर्चीवरून उठवतील. निदान शिव्या तरी देतील. 

काका म्हणाले, "पहिल्या वर्षी मीही वही पुढे केली होती. एकदाच."

"कोण होता तो?"

"नाव लिहिलं असतं तर सांगितलं असतं."

म्हणून जग आला, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून वही ड्रॉवरमध्ये गेली. अध्यक्ष महोदय, काकांनी बारा वर्षे दर गुरुवारी आपल्या संस्थेचा एक नियम मोडला. निरोपाच्या दिवशी कर्मचाऱ्याची तक्रार करणे बरे दिसत नाही, पण मी ती इथे अधिकृतपणे करतो आहे. त्या मोडलेल्या नियमामुळे किती माणसे जिना चढली त्याची नोंद कुठेही नाही. पाळलेल्या नियमाची नोंद मात्र आहे. ते पान मी काकांच्या परवानगीने सोबत आणले आहे, आणि भाषण संपल्यावर आपल्यासमोर ठेवणार आहे.

आता मागणे. एक जूनपासून फाटकावर बाहेरच्या एजन्सीचा पहारेकरी येणार आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढणारे यंत्र बसणार आहे, असे परिपत्रक मी वाचले. दोनदा वाचले. त्यात सुरक्षेची काळजी आहे, ती योग्यच आहे. इथे यंत्रसामग्री आहे, मुले आहेत. माझी विनंती एवढीच की गुरुवारी साडेसहा ते साडेसात हा एक तास यंत्र बंद ठेवावे आणि केबिनमध्ये मला बसू द्यावे. त्या तासात काही हरवले, फुटले, तर जबाबदारी माझी, तसे मी सही करून दिले आहे. गोदामात आम्ही म्हणतो, पत्ता चुकला तर पार्सल परत येते. माणूस परत आलेला मी पाहिलेला नाही.

एक गोष्ट राहिली. कापलेल्या तीन जागांपैकी ही एक होती, पण वाचतो.

परवा संध्याकाळी मी ताईकडे गेलो. हे भाषण लिहून झाले होते, आणि सभागृहाला सांगायचे आणि तिला नाही, असे करता येत नव्हते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळे सांगितले. ती घड्या घालतच राहिली. शेवटी म्हणाली, "त्यांनी तुला ओळखलं होतं का?"

मी म्हटले, "माहीत नाही. मी मान वर केली नाही."

ती म्हणाली, "वही तू आखली होतीस?"

"हो."

"नाव, पत्ता, सगळं तुझ्याच हातचं?"

"हो."

"आणि खिशात तुझ्याच हातची चिठ्ठी." तिने हातातला कपडा खाली ठेवला. "मग ओळखलं असणार."

तेव्हापासून मी त्या चष्म्याच्या दुकानाचा विचार करतो आहे. ज्याच्या पाठीशी दुकान आहे तो माणूस दुकान कुठे आहे असे का विचारील? मला वाटते, समोरचा खाली मान घातलेला माणूस कोण हे त्यांना कळले, आणि मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून ते निघून गेले. मी घाबरलो होतो, आणि त्यांनी मला सांभाळून घेतले. असे नसेलही. मला खात्रीने सांगता येत नाही, आणि खात्री नसलेले मी सहसा लिहीत नाही.

निघताना मी ताईला विचारले, गुरुवारी येशील का? म्हणाली, "सांगत नाही. तू सगळं वाच." मी सगळे वाचले आहे. सभागृहाकडे अजून पाहिलेले नाही.

काका, तुम्ही मला कधी रागावला नाहीत. रागावला असतात तर बरे झाले असते, पण ते मागण्याचा मला हक्क नाही. निरोप हा शब्द मला तुमच्यासाठी लिहवत नाही. तुम्हाला आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसते आहे, तेव्हा गुरुवारी कधी समोरून जाताना केबिनकडे एक नजर टाका. वही बाहेर दिसली तर आत येऊन मला उठवा.

अध्यक्ष महोदय, प्राचार्य महोदय, सिस्टर आणि सर्व उपस्थितहो, आपण माझे सोळा मिनिटांचे भाषण पाच मिनिटांचे समजून ऐकून घेतलेत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, मान राखण्यात काही चुकले असेल, तर माझ्या अल्प शिक्षणाकडे पाहून पोटात घालावे. आता सहा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. साडेसहाला मला फाटकावर पोचायचे आहे, म्हणून मी चहाला थांबणार नाही.

चिटणीस म्हणून आजच्या समारंभाचा हिशोब तेवढा वाचून बसतो. गुरुवारच्या डब्यात जमले चार हजार एकशे ऐंशी रुपये. खर्च, पुष्पगुच्छ तीनशे पन्नास, चहा-बिस्किटे एक हजार एकशे वीस, ध्वनिक्षेपकाचे भाडे पाचशे, काकांच्या नव्या चष्म्यापोटी समोरच्या दुकानदारांना दिले दोन हजार दोनशे दहा. शिल्लक काही नाही. चष्म्याची किंमत तीन हजार साठ, म्हणजे आठशे पन्नास रुपये देणे बाकी आहे. ते मी पुढच्या गुरुवारी रस्ता ओलांडून नेऊन देईन.

जग जुनाच आहे. त्याचा खर्च नाही. येताना तो भरून केबिनमध्ये ठेवला आहे.